जागतिक आर्थिक अरिष्ट आणि बँकांची सुरक्षितता : बँक ऑफ बॉम्बेच्या पतनाचा पुनर्विचार (१८६३–१८६८)

जगाच्या बाजारपेठेत आर्थिक अरिष्ट उद्भवले असता एखाद्या देशातील बँका कितपत सुरक्षित राहतात, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे. या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिल्या उत्तरानुसार अरिष्ट बाहेरून येते आणि बँका त्याच्या बळी ठरतात. वादळात जशी नौका बुडते तशी बँक बुडते, त्यात नावाड्याचा दोष थोडाच असतो. दुसऱ्या उत्तरानुसार प्रत्येक बुडालेल्या बँकेमागे कोणी तरी अप्रामाणिक कारभारी असतो. तो दूर केला की बँक सुरक्षित होते. ही दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण पहिल्याने सर्वांनाच दोषमुक्त करता येते आणि दुसऱ्याने एका व्यक्तीवर सर्व दोष ढकलता येतो. १८६३ ते १८६८ या काळातील बँक ऑफ बॉम्बेचा इतिहास पाहिला असता मात्र दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. सरकारी सनदेने स्थापन झालेली, सरकारचे भांडवल असलेली, सरकारी संचालक असलेली आणि सरकारी खजिन्याची शिल्लक सांभाळणारी ही बँक केवळ पाच वर्षांत रसातळाला गेली. त्याच काळात, त्याच साम्राज्यात आणि त्याच जागतिक अरिष्टाच्या तडाख्यात सापडलेल्या तिच्या दोन भगिनी-बँका मात्र टिकून राहिल्या. हा भेद कशामुळे घडला, हा या विवेचनाचा मुख्य विषय होय.

(१) सनदेची चौकट

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानात तीन इलाखा बँका स्थापन झाल्या. कलकत्त्याची बँक १८०६ मध्ये निघाली व १८०९ मध्ये तिला बँक ऑफ बेंगॉल या नावाने सनद मिळाली. बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये आणि बँक ऑफ मद्रास १८४३ मध्ये सुरू झाली. मुंबईच्या बँकेचे मूळ भांडवल ५२ लक्ष २५ हजार रुपयांचे होते. त्यांपैकी ३ लक्ष रुपयांचे भाग सरकारने घेतले होते. या बँकांना नोटा काढण्याचा अधिकार होता. लोकांच्या हातातील नोट ही बँकेने दिलेली वचनचिठ्ठीच असल्यामुळे त्या वचनाच्या रक्षणासाठी सरकारने बँकांच्या व्यवहारांवर कडक बंधने घातली होती. कर्जाची मुदत तीन महिन्यांहून अधिक असू नये, घरे व जमिनी गहाण ठेवून घेऊन कर्ज देऊ नये, तारण घ्यावयाचे ते सरकारी कर्जरोखे, सोने-चांदी किंवा नाश न पावणारा माल असे असावे, अशा स्वरूपाची ती बंधने होती. त्यांमागील तत्त्व साधे होते. ज्या वस्तूची किंमत बाजाराच्या लहरीवर अवलंबून नाही किंवा जी त्वरित विकून पैसा करता येतो, तीच तारण म्हणून योग्य होय.

१८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्याने ही चौकट बदलली. १ मार्च १८६२ पासून नोटा काढण्याचा अधिकार एकट्या सरकारकडे आला. त्याच्या मोबदल्यात इलाखा बँकांकडे सरकारी खजिन्याची शिल्लक आणि नव्या नोटांच्या प्रसाराचे काम सोपविण्यात आले. नोटांचे दायित्व संपले, तेव्हा त्या दायित्वासाठी घातलेली बंधनेही सैल करावीत, असा विचार पुढे येणे स्वाभाविक होते व तसेच घडले. बँकांवरील जुन्या मर्यादा बऱ्याच अंशी शिथिल झाल्या. देखरेखीचा सरकारचा अधिकार मात्र पूर्वीप्रमाणेच राहिला. मुंबईच्या बाबतीत १८६३ चा दहावा कायदा निर्णायक ठरला. या कायद्याने बँकेस भांडवल वाढविण्याची मुभा मिळाली आणि कंपन्यांच्या भागांच्या तारणावर कर्ज देण्याचा मार्ग मोकळा झाला. बँकेचे भांडवल पुढे २ कोटी ९ लक्ष रुपयांपर्यंत वाढविण्यात आले, म्हणजे ते मूळच्या चौपट झाले.

येथे एक तार्किक दोष होता. नोटधारकाचे दायित्व गेले तरी ठेवीदाराचे दायित्व गेले नव्हते. उलट सरकारी खजिन्याच्या रूपाने सर्वांत मोठा ठेवीदार बँकेत आला होता. ज्या क्षणी बँकेच्या हाती सार्वजनिक पैसा अधिक प्रमाणात आला, त्याच क्षणी त्या पैशाच्या विनियोगावरील नियम सैल करण्यात आले. बँकेच्या पतनाचे बीज अरिष्टाच्या काळात नव्हे, तर समृद्धीच्या काळात केलेल्या या विधिनियमात आढळते.

(२) कापसाचा पैसा आणि भागांचा सट्टा

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस तोपर्यंत अमेरिकेतून येत असे. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी होताच तो पुरवठा आटला आणि लँकाशायरची दृष्टी गुजरात, खानदेश, वऱ्हाड व धारवाड येथील कापसाकडे वळली. कापसाचे भाव अनेक पटींनी चढले. या चार वर्षांत मुंबईस नेहमीच्या वाजवी किमतीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लक्ष पौंड अधिक मिळाले, असा अंदाज मुंबई शहराच्या गॅझेटियरात नमूद आहे. ही रक्कम सोन्या-चांदीच्या रूपाने शहरात ओतली गेली. परंतु एवढा पैसा गुंतविण्याजोगे उत्पादक उद्योग शहरात त्या वेळी फारच थोडे होते. गिरण्या नुकत्याच निघू लागल्या होत्या आणि लोहमार्गांचे भांडवल बहुतांशी इंग्लंडात उभारले जात होते. परिणामी हा पैसा नव्या कंपन्यांच्या भागांकडे वळला.

१८६४ च्या अखेरीस मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन-कंपन्या, १६ कापूस-दाबाच्या कंपन्या, १० जहाज-कंपन्या आणि २० विमा-कंपन्या असल्याची नोंद आढळते. दहा वर्षांपूर्वी काही विमा-कंपन्या वगळता यांपैकी जवळजवळ काहीच अस्तित्वात नव्हते. या सर्वांत बॅकबे भरणी कंपनीचे नाव अग्रभागी होते. समुद्र हटवून जमीन निर्माण करावयाची ही योजना मुळात अव्यवहार्य नव्हती. मुंबई बेट अशाच भरण्यांतून घडलेले आहे. परंतु जमीन समुद्रातून वर येण्यापूर्वीच तिच्या नावाचे भाग आकाशाला भिडले. ५,००० रुपये भरलेल्या भागास त्याच्या दसपट अधिमूल्य मिळू लागले. व्यापारी, दलाल, सरकारी नोकर, युरोपीय अधिकारी असे सर्व थरांतील लोक या सट्ट्यात ओढले गेले. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त नायक होते. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरील राजाबाई मनोरा यांसाठी त्यांनी याच काळात दोन-दोन लक्ष रुपये दिले. १८७८ मध्ये तो मनोरा पुरा झाला, तेव्हा ज्या वैभवातून त्याचा पाया घातला गेला ते वैभव केव्हाच लयास गेले होते.

या सट्ट्याचा बँकेशी संबंध कसा जुळला, हे नीट लक्षात घेणे आवश्यक आहे. भागांच्या तारणावर बँक कर्ज देऊ लागली. त्या कर्जाच्या पैशातून आणखी भागांची खरेदी झाली, त्यामुळे भागांची किंमत वाढली, आणि किंमत वाढल्यामुळे त्याच तारणावर आणखी मोठे कर्ज देता आले. याप्रमाणे तारणाचे मूल्य हे बँकेच्या कर्जाच्या बाहेर राहिलेच नाही. बँकेचे कर्जच तारणाचे मूल्य निर्माण करीत होते. सोने किंवा सरकारी रोखे तारण असतात तेव्हा त्यांची किंमत एका बँकेच्या कर्जनीतीवर ठरत नाही. मुंबईत मात्र तराजू आणि वजन दोन्ही एकाच हातात आले. हिशोबाच्या वहीत प्रत्येक कर्जास पुरेसे तारण होते. तथापि ती सर्व तारणे एकाच वेळी विकावयास काढली तर त्यांस गिऱ्हाईक मिळणे अशक्य होते.

(३) दोन आघात

एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली आणि अमेरिकेतील युद्ध संपुष्टात आले. त्याच वर्षाच्या प्रारंभी युरोपशी तारायंत्राचा संबंध जुळलेला असल्यामुळे ही वार्ता मुंबईस पोचण्यास पूर्वीसारखा विलंब लागला नाही. कापसाचे भाव कोसळले. भागांचे वायद्याचे असंख्य व्यवहार १ जुलै १८६५ या एकाच दिवशी पुरे व्हावयाचे होते. त्या दिवशी कोणीच कोणाचे देणे देऊ शकला नाही. ज्याला दहा जणांकडून येणे होते तो वीस जणांचे देणे लागत होता. मोठमोठ्या पेढ्यांची दिवाळी निघाली आणि बॅकबेच्या भागाची किंमत मातीमोल झाली.

हा पहिला आघात स्थानिक स्वरूपाचा होता. दुसरा आघात खऱ्या अर्थाने जागतिक होता. १० मे १८६६ रोजी लंडनमधील ओव्हरएन्ड गर्नी ही सुप्रसिद्ध हुंडी-पेढी सुमारे १ कोटी १० लक्ष पौंडांच्या देण्यासह बंद पडली. बँक ऑफ इंग्लंडने आपला दर १० टक्क्यांवर नेला व तो ऑगस्टच्या मध्यापर्यंत म्हणजे तीन महिने तेथेच ठेवला. पूर्वेकडील व्यापारात गुंतलेल्या बँकांना याची झळ तत्काळ लागली. आग्रा अँड मास्टरमन्स बँकेने जून महिन्यात आपले दरवाजे बंद केले. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशनही त्याच वर्षी बुडाली. प्रेमचंद रायचंद यांचेही दिवाळे त्याच वर्षी निघाले.

बँक ऑफ बॉम्बेचे पतन या दुसऱ्या आघातामुळे झाले, अशी समजूत प्रचलित आहे. घटनांचा क्रम पाहता ती मान्य करणे कठीण आहे. बँकेची मोठी कर्जे १८६५ च्या जुलैमध्येच वसूल न होण्याजोगी झाली होती. लंडनच्या अरिष्टाने फार तर एवढेच केले की, काही काळ लोटल्यावर भाव सुधारतील आणि तारणे विकता येतील, ही उरलीसुरली आशा नाहीशी केली. पेव आधीच पोकळ झाले होते. पहिल्या पावसाने ते फक्त खचले. अखेर भांडवलाचा बहुतांश भाग गमावून जुनी बँक जानेवारी १८६८ मध्ये मोडीत निघाली आणि तिच्या जागी एक कोटी रुपये भांडवलाची नवी बँक ऑफ बॉम्बे स्थापन झाली.

या सर्व प्रकरणाच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली १८६८ मध्ये आयोग नेमण्यात आला. १८६९ मध्ये त्याचा अहवाल सादर झाला. बँकेचे चिटणीस दुर्बल व तत्त्वशून्य निघाले व त्यांनी १८६३ च्या कायद्याने मिळालेल्या अधिकारांचा दुरुपयोग केला, हे आयोगाने नमूद केलेच. परंतु तो तेथे थांबला नाही. संचालकांची हेळसांड आणि अपात्रता, योग्य कायदेशीर सल्ल्याचा अभाव व काळाचे अपवादात्मक स्वरूप ही कारणेही त्याने मांडली. या यादीत काळाच्या अपवादात्मकतेस कारणांपैकी एक असे स्थान आहे. ते एकमेव कारण नव्हे. सरकारनियुक्त संचालक संचालक-मंडळावर बसत होते आणि देखरेखीचा अधिकार कायद्याच्या पुस्तकात जागच्या जागी होता. तो कोणी वापरला नाही.

(४) भगिनी-बँकांचा दाखला

एकाच अरिष्टात सापडलेल्या तीन संस्थांपैकी एक बुडते आणि दोन टिकतात, तेव्हा इतिहासकारास तुलनेची दुर्मीळ संधी लाभते. जागतिक अरिष्ट हेच पतनाचे पुरेसे कारण असते, तर कलकत्ता आणि मद्रास येथेही तेच घडावयास हवे होते. लंडनचा दहा टक्के दर कलकत्त्याच्या व्यापाऱ्यासही तितकाच जाचक होता. दुसऱ्या बाजूने, कायद्याची शिथिलता हेच पुरेसे कारण मानावे, तर १८६२ नंतर बंधने बंगालच्या बँकेवरचीही सैल झाली होती. तेव्हा भेदाचे मूळ अन्यत्र शोधले पाहिजे.

हे मूळ तीन गोष्टींच्या संयोगात आढळते. मुंबईस कापसाचा अकल्पित पैसा मिळाला. त्याच वर्षी बँकेस भागांवर कर्ज देण्याची मुभा मिळाली. आणि ज्यांनी कर्जे मंजूर करावयाची ते व ज्यांनी ती घ्यावयाची ते एकाच सट्ट्यात भागीदार झाले. कलकत्त्यास पहिली गोष्ट त्या प्रमाणात लाभली नाही, म्हणून तेथे सैल नियमांची परीक्षाच झाली नाही. यावरून निघणारा निष्कर्ष काहीसा अप्रिय आहे. बँक ऑफ बेंगॉल टिकली याचे श्रेय सर्वस्वी तिच्या सावधगिरीस देता येत नाही. तिच्या वाट्यास मोहाचा प्रसंगच कमी आला, हेही त्याचे एक कारण होय. टिकून राहिलेली प्रत्येक बँक सुरक्षित होती असे म्हणणे म्हणजे ज्या धरणावर पूर आलाच नाही ते धरण भक्कम होते असे म्हणण्यासारखे आहे. १८६७ मध्ये बंगालच्या बँकेकडून तिन्ही बँका एकत्र करण्याची सूचना पुढे आली. सरकारने ती स्वीकारली नाही.

पतनाची किंमत कोणी दिली, हाही प्रश्न येथे उपस्थित होतो. भागधारकांचे नुकसान उघड आहे. त्याखेरीज कापसाच्या तेजीत ज्या शेतकऱ्यांना सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली होती, त्यांच्यावर मंदी येताच वसुलीचा तगादा सुरू झाला. याच सुमारास जमीन-महसुलाची फेरआकारणीही झाली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांची मुळे अनेक होती. परंतु पतीचा हा फुगवटा आणि त्यानंतरचा संकोच ही त्यांपैकी एक होय. ज्यांनी बॅकबेचा एकही भाग डोळ्यांनी पाहिला नव्हता, अशांपर्यंत या अरिष्टाची लाट गेली.

(५) सुरक्षिततेचे मूल्य

मुंबईच्या अनुभवाचा परिणाम म्हणजे १८७६ चा इलाखा बँकांचा कायदा. या कायद्याने तिन्ही बँका एका नियमाखाली आल्या आणि जुनी बहुतेक बंधने पुन्हा लागू झाली. सरकारने आपले भाग काढून घेतले, संचालक नेमण्याचा हक्क सोडला आणि आपल्या शिल्लकेचा मोठा भाग स्वतःच्या राखीव खजिन्यात ठेवण्यास प्रारंभ केला. विदेशी हुंडणावळीचा व्यवहार व परदेशातून ठेवी घेणे इलाखा बँकांना वर्ज्य राहिले. या शिस्तीचे फळ दिसून आले. त्यानंतर १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत विलीन होईपर्यंत या तीनपैकी एकही बँक बुडाली नाही. १९०७ चे अमेरिकेतील अरिष्ट आणि पहिले महायुद्ध ही दोन्ही संकटे त्यांनी पार केली.

परंतु ही सुरक्षितता फुकट मिळालेली नव्हती. सरकारी पैसा खजिन्यात कुलूपबंद राहिल्यामुळे पिकांच्या हंगामात पैशाची चणचण भासे व व्याजाचा दर सात-आठ टक्क्यांपर्यंत चढे. केन्सने १९१३ मध्ये हिंदुस्थानच्या चलनावरील आपल्या ग्रंथात या व्यवस्थेतील लवचिकतेच्या अभावावर बोट ठेवले आहे. शिवाय ही शिस्त तीन बँकांपुरतीच होती. तिच्या कुंपणाबाहेर वाढलेल्या नव्या बँकांपैकी अनेक बँका १९१३ पासून कोसळू लागल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईतील इंडियन स्पीसी बँक बंद पडली, तीही चांदीच्या सट्ट्यापायी. पन्नास वर्षांपूर्वीचा धडा एका इमारतीत शिकला गेला आणि शेजारच्या इमारतीत विसरला गेला होता. सर्व बँकांना लागू होणारी व्यापक चौकट १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक स्थापन झाल्यानंतर आणि विशेषतः १९४९ च्या बँकिंग कंपन्यांच्या कायद्याने उभी राहिली. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर १९६२ च्या प्रारंभी ठेव-विमा आला; त्याची मर्यादा आरंभी १,५०० रुपये होती.

(६) उपसंहार

सप्टेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स कोसळली तेव्हा भारतीय बँका बव्हंशी सुरक्षित राहिल्या. घरबांधणीच्या कर्जांवरील जोखीम-भार रिझर्व्ह बँकेने आधीच वाढविला होता; ठेवींचा मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवणे बँकांना बंधनकारक होते; आणि रोख राखीव प्रमाण ९ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत उतरविण्यास वाव होता. म्हणजे चांगल्या दिवसांत घट्ट ठेवलेला बंध वाईट दिवसांत सैल करता आला. १८६३ मध्ये नेमके याच्या उलट घडले होते. तथापि या यशातून अवाजवी निष्कर्ष काढण्यात आला. अरिष्टापूर्वीच्या व नंतरच्या वर्षांत मोठ्या उद्योगांना मुक्तहस्ते दिलेली कर्जे थकली आणि मार्च २०१८ मध्ये अनुसूचित व्यापारी बँकांच्या थकित कर्जांचे प्रमाण ११.२ टक्क्यांवर पोचले. जागतिक वादळात न हललेली भिंत आतल्या ओलाव्याने फुगली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांवर निर्बंध आले, त्याचे कारणही न्यूयॉर्कमध्ये नव्हते; कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम-उद्योगसमूहाकडे गेला होता आणि तो हिशोबात लपविला गेला होता. पुढील फेब्रुवारीत ठेव-विम्याची मर्यादा १ लक्षावरून ५ लक्ष रुपये करण्यात आली.

या दीर्घ इतिहासावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. जागतिक अरिष्ट बँकांना दुर्बळ करीत नाही. आधीपासून असलेले दौर्बल्य ते उघड करते. बँकेच्या सुरक्षिततेची कसोटी अरिष्टाच्या दिवशी लागत असली, तरी तिचा निर्णय तेजीच्या वर्षांत, तारणाचे नियम ठरविताना आणि देखरेखीचा अधिकार वापरताना होऊन गेलेला असतो. आणि शेवटी, सरकारी भांडवल किंवा सरकारी संचालक म्हणजे सुरक्षितता नव्हे. बँक ऑफ बॉम्बेस ही दोन्ही कवचे होती. ठेवीदारांनी त्या कवचांकडे पाहून पैसा ठेवला आणि कवच घालणाऱ्यांनी ठेवीदारांच्या विश्वासाकडे पाहून निश्चिंती मानली. दोघेही एकमेकांच्या भरवशावर राहिले आणि तारणाची किंमत प्रत्यक्ष तपासून पाहण्याचे काम कोणाकडेच उरले नाही. ते काम ज्या देशात नियमितपणे आणि तेजीच्या दिवसांतही होत राहते, त्या देशातील बँका जागतिक अरिष्टातही बहुधा तरून जातात.